संयत हात : अर्ध्या सेकंदाचे शास्त्र

२३ जून २०२४ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कर्नाटकातील चित्रदुर्गच्या वैमानिकी चाचणी क्षेत्रावर ‘पुष्पक’ हे इस्रोचे पंखधारी यान तिसऱ्यांदा स्वतःहून धावपट्टीवर उतरले. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने ते साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले होते, तेही धावपट्टीच्या रेषेपासून मुद्दाम ५०० मीटर बाजूला. यान मध्यरेषेकडे वळले, ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकले आणि ब्रेक पॅराशूटच्या साहाय्याने त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत खाली आला. बातम्यांनी उंचीची आणि वेगाची दखल घेतली, आणि ती योग्यच होती. पण या प्रयोगातील एक नाजूक गोष्ट आकड्यांत सहज दिसत नाही. ५०० मीटर बाजूला सोडलेले यान मध्यरेषेवर आले आणि तिथेच राहिले; रेषा ओलांडून पलीकडे, पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे अशा झोकांड्या त्याने खाल्ल्या नाहीत. रेषेपर्यंत पोहोचणे आणि रेषेवर स्थिरावणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम अधिक अवघड असते.

हेच दुसरे काम फार लहान प्रमाणावर, एक किलोभर वजनाच्या आणि सव्वा मीटर पंखांच्या विमानावर शिकता येते. रेडिओ-नियंत्रित विमान उडवायला शिकणारा जबलपूरचा एखादा विद्यार्थी चित्रदुर्गच्या अभियंत्यांपासून साधनांनी फार दूर असतो. प्रश्नाने तो त्यांच्या अगदी जवळ असतो.

जबलपुरात या छंदाची सुरुवात नकाशा पाहण्यापासून होते. शहराच्या पूर्वेला डुमना विमानतळ आहे. १९०४ पासूनचा तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन निर्माणी आणि छावणीचा विस्तीर्ण प्रदेश अशा संरक्षणाच्या जागांनी शहर वेढलेले आहे. लष्कराला बिनतारी संदेशवहन शिकवणारे १ सिग्नल ट्रेनिंग सेंटरही याच गावात आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी उडवायचे, २५ किलोपर्यंत वजनाचे मॉडेल विमान सतत नजरेच्या टप्प्यात असले पाहिजे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. विमानतळाच्या रस्त्यावर असलेल्या आयआयआयटीडीएम या संस्थेतील विद्यार्थी पंखाचा आराखडा वसतिगृहाच्या खोलीत रेखाटू शकतो, पण तो उडवण्यासाठी त्याला दूरचा माळ शोधावा लागतो. छंदातली पहिली शिस्त अशी जमिनीवरच लागते.

मग तो दिवस उगवतो. काही आठवडे खपून कोरुगेटेड प्लास्टिकच्या पत्र्यातून, थर्माकोलातून किंवा बाल्सा लाकडातून घडवलेले विमान माळावर उभे असते. मोटर, बॅटरी, सर्व्हो आणि रिसीव्हर यांत खिशातली सगळी शिल्लक गेलेली असते. विमान हातातून सुटते, वर चढते, आणि पहिल्या दहा सेकंदांतच शिकणाऱ्याला कळून चुकते, की ते आपले ऐकत नाही. नाक वर गेले म्हणून तो स्टिक पुढे ढकलतो, तर नाक खाली येतच राहते. घाबरून तो ती मागे ओढतो, आणि विमान आधीपेक्षाही जास्त वर झेपावते. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या चुकीहून मोठी चूक ठरते. बघणारे म्हणतात, हात थरथरतो आहे, धीर धर. शिकणाराही मनाशी तेच ठरवतो, की आपण भित्रे आहोत, हे आपल्याला जमणार नाही.

हा निष्कर्ष सहसा चुकीचा असतो. हात थरथरतो म्हणून विमान हेलकावे खाते, हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे विलंबाचे आहे.

विलंबाची बेरीज अशी होते. नाक वर गेल्याचे डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. ट्रान्समीटरची आज्ञा रिसीव्हरपर्यंत पोहोचायला सेकंदाचे काही शतांश भाग लागतात. छोट्या सर्व्होला आपली दांडी फिरवायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. त्यानंतर पृष्ठभाग हलतो, हवा त्याला ढकलते, आणि जडत्व असलेले विमान हळूहळू दिशा बदलते. सगळे मिळून अर्धा सेकंद सहज होतो. सेकंदाला १२ मीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्यात ६ मीटर पुढे गेलेले असते. उडवणारा ज्या विमानाला दुरुस्त करत असतो, ते तिथे नसतेच. आता विमानाचे नाक सेकंदाला एकदा वर-खाली होत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे नेमका अर्ध्या आवर्तनाचा उशीर. नाक वर असताना दिलेली ‘खाली’ ही आज्ञा, नाक आपणहून खाली आलेले असताना लागू पडते. जी दुरुस्ती चूक मिटवण्यासाठी निघाली होती, ती वाटेतल्या उशिरामुळे चुकीलाच धक्का देते. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वाढतो, तसेच हे घडते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे एका छोट्या समीकरणात मांडता येते. चूक जितकी, तिच्या प्रमाणात दर सेकंदाला दुरुस्ती, असा साधा नियम धरावा. त्या प्रमाणाला ‘घाई’ म्हणावे. मात्र दुरुस्ती आत्ताच्या चुकीवर ठरत नाही, अर्ध्या सेकंदापूर्वीच्या चुकीवर ठरते. अशा व्यवस्थेबद्दल गणित दोन स्पष्ट गोष्टी सांगते. घाई आणि विलंब यांचा गुणाकार १.५७ च्या, म्हणजे पायच्या निम्म्याच्या पुढे गेला, की हेलकावे वाढत जातात आणि त्यांना अंत नसतो. तो गुणाकार सुमारे ०.३७ च्या आत असेल, तर विमान रेषेवर येते आणि रेषा ओलांडतच नाही. दोहोंच्या मध्ये हेलकावे होतात, पण हळूहळू विरतात. विलंब अर्ध्या सेकंदाचा असेल, तर हेलकाव्याविना चूक सुधारण्यासाठी घाई दर सेकंदाला पाऊण पटीहून कमी हवी. चूक विरायला निदान सव्वा-दीड सेकंद द्यावाच लागतो. खरे विमान या समीकरणाहून गुंतागुंतीचे असते, पण निष्कर्षाची दिशा बदलत नाही. संगणकावरच्या साध्या तक्त्यात वीस ओळी भरूनही ही गोष्ट तासाभरात पडताळता येते. संयम हा इथे स्वभावाचा गुण उरत नाही. विलंबाने घालून दिलेली ती मर्यादा आहे.

१९६० च्या दशकात ड्युएन मॅकरूर या अमेरिकी अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वैमानिकांच्या हातांचा याच भाषेत अभ्यास केला. कुशल वैमानिक प्रत्येक विमानासाठी आपल्या हाताची घाई आणि धाटणी बदलतो. विमान सुस्त असेल तर हात पुढचा अंदाज घेऊ लागतो. विमान चपळ असेल तर हात मऊ होतो. विमान आणि माणूस मिळून एक सुसह्य, अंदाज करता येणारी व्यवस्था तयार व्हावी, असा तो बदल असतो. शिकणे म्हणजे बहुतांशी हा बदल अंगवळणी पडणे.

रेडिओ-नियंत्रणात हे अधिक कठीण होते, याला एक साधे कारण आहे. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलाच्या बोटांना मांज्याचा ताण कळत असतो. वारा वाढला की ढील द्यायची, हे डोळ्यांआधी बोटांना समजते. विमानात बसलेल्या वैमानिकाला आसनातून झुकाव आणि दाब जाणवतो. माळावर उभ्या असलेल्या शिकणाऱ्याच्या हातात मात्र फक्त स्प्रिंगवर परतणारी स्टिक असते. विमान तिच्यातून काहीच बोलत नाही. जे काही कळायचे ते दूरवरच्या छोट्या आकृतीकडे पाहून कळायचे.

आणखी एक गैरसमज मोटार आणि सायकल चालवण्याच्या सवयीतून येतो. मोटारीत वळण संपेपर्यंत सुकाणू वळवून धरावे लागते. विमानात एलेरॉनची आज्ञा कलण्याचा वेग ठरवते, कल ठरवत नाही. स्टिक उजवीकडे धरून ठेवली, तर विमान कलतच जाते आणि शेवटी उलटे होते. म्हणून वळणाची रीत अशी असते : थोडी उजवीकडची आज्ञा, हवा तेवढा कल आला की स्टिक मध्यावर, नाक पडू नये म्हणून किंचित मागे, आणि वळण संपताना थोडी डावीकडची आज्ञा. आज्ञेतून कलण्याचा वेग, वेगातून कल, कलातून वळण्याचा वेग, वळणातून दिशा आणि दिशेतून स्थान. दर पायरीवर आधीच्या गोष्टीची बेरीज होत जाते, आणि दर बेरीज आणखी थोडा उशीर घालते. स्थानाकडे पाहून स्टिक हलवणारा या साखळीच्या अगदी टोकाकडे पाहत असतो. अनुभवी उडवणारा कलाकडे पाहतो, कारण कल आज दिसतो आणि स्थान उद्या बिघडते.

विमान अंगावर येऊ लागले, की डावे-उजवे उलटे होते. त्यासाठी जुनी युक्ती अशी : जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच्या बाजूला स्टिक न्यायची, जणू त्याला खालून टेकू द्यायचा. पुढे टेकूचा विचारही करावा लागत नाही. पण तोवर घाबरलेला हात तीव्र वळणात स्टिक जोरात मागे ओढतो, आणि तिथे पंखांचे गणित आडवे येते. ६० अंश कललेल्या सपाट वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. सरळ उडताना सेकंदाला ८ मीटरला जो पंख हवा सोडतो, तो अशा वळणात ११ मीटरच्या थोडे वरच सोडतो. ३० अंशांत हा फरक सात टक्क्यांचाच असतो. रुंद, सावकाश वळण हे म्हणूनच नवख्याचे लक्षण मानू नये.

व्यावसायिकांनाही या सापळ्याने सोडलेले नाही. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी अमेरिकेच्या ‘एंटरप्राइज’ या चाचणी-शटलचे पाचवे मुक्त उड्डाण एडवर्ड्स तळावर झाले. ‘अपोलो १३’ मधून परतलेले फ्रेड हेज ते चालवत होते, शेजारी गॉर्डन फुलर्टन होते. प्रथमच काँक्रीटच्या धावपट्टीवर, ठरलेल्या बिंदूपाशी उतरायचे होते. यान अपेक्षेपेक्षा वेगात आले. हेज बिंदू साधू पाहत होते, नियंत्रण प्रणालीत संगणकाचा विलंब होता, आणि धावपट्टीवर पोहोचता पोहोचता यानाचे नाक आणि पंख हेलकावे खाऊ लागले. ते टेकून पुन्हा उसळले. फुलर्टन यांनी हात सैल करायला सांगितल्यावर ते शांत झाले आणि सुखरूप थांबले. चंद्राला वळसा घालून आलेल्या माणसाला धीराचा अभाव होता, असे कोणी म्हणणार नाही. पुढे शटलच्या प्रणालीत अशी सोय केली गेली, की वैमानिक झपाट्याने मागे-पुढे आज्ञा देऊ लागला तर त्या आज्ञांचे बळ आपोआप कमी व्हावे. संयत हाताचे काम गाळणीने वाटून घेतले.

शिकणाऱ्याच्या ट्रान्समीटरमध्येही तशाच हेतूच्या, पण साध्या सोयी असतात. ‘ड्युअल रेट’ने पृष्ठभागांची हालचाल मर्यादित करता येते. ‘एक्स्पो’ने मध्याजवळची स्टिक मऊ होते. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण २५ ते ३० टक्क्यांवर आणला, की विमान स्वतःच निम्मे समजूतदार होते. बडी कॉर्डने जोडलेल्या दुसऱ्या ट्रान्समीटरवर जाणता माणूस उभा असेल, तर पडण्याची भीती जाते, आणि भीती गेली की बोटांची पकड सुटते. जाणते एक सराव पुन्हापुन्हा करायला सांगतात : विमान उंचावर सरळ उडत असताना स्टिक पूर्ण सोडायची आणि तीन मोजेपर्यंत काहीच करायचे नाही. वरच्या बाजूला पंख आणि पंखांना वर वळलेला कोन असलेले शिकाऊ विमान त्या तीन सेकंदांत बहुधा आपणहून सावरते. जे काम विमान स्वतः करणार होते, ते आपण त्याच्या हातून काढून घेत होतो, हे शिकणाऱ्याला तेव्हा प्रथम दिसते.

जबलपूरची हवा या अभ्यासाला आपल्या अटी घालते. जानेवारीच्या सकाळी पारा १० अंशांवर असतो. मे महिन्याच्या दुपारी तो ४२ वर जातो. आदर्श वायूच्या नियमाने तेवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी उतरते. तेच वजन तोलायला विमानाला पाच ते सहा टक्के अधिक वेगाने उडावे लागते. तापलेल्या जमिनीवरून उठणारे उष्ण हवेचे झोत विमानाला वर फेकतात, आणि शिकणारा त्या प्रत्येक फेकीला आपली चूक समजून उत्तर देऊ लागतो. हिवाळ्याची निवांत सकाळ म्हणूनच उत्तम : हवा जड असते, शांत असते, आणि विमान जे करते ते जवळपास सगळे आज्ञेमुळेच करते. कारण आणि परिणाम एकमेकांशेजारी दिसले, तरच हात शिकतो.

उतरणे सर्वात शेवटी जमते. थ्रॉटल कमी करून विमान धावपट्टीच्या रेषेत येते, जमिनीपासून हातभर उंचीवर नाक हळूच वर घ्यायचे असते, आणि तिथे हात जास्त ओढतो. विमान फुगून पुन्हा वर जाते. सहजप्रेरणा सांगते, नाक खाली दाब. तसे केले तर चाके आपटतात किंवा प्रोपेलर मोडतो. करायचे एवढेच असते, की स्टिक आहे तिथे स्थिर ठेवायची, विमानाला वेग गमावू द्यायचा, आणि ते बसू लागले की पुन्हा किंचित ओढायचे. फार उंच गेले असेल तर थ्रॉटल वाढवून दुसरी फेरी घ्यायची.

आता प्रश्न असा, की हे शिकावे कशासाठी? मोबाइलमध्ये असतो तसा चिमुकला गतिमापक लावलेले स्थिरक आज स्वस्तात मिळतात. ते वाऱ्याचा धक्का माणसाच्या डोळ्याआधी ओळखतात आणि दुरुस्तही करतात, कारण त्यांच्याकडे पाव सेकंदाचा मानवी विलंब नसतो. ते वापरण्यात गैर काहीच नाही. ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूला प्रथम उडालेले ‘तेजस’ हे विमान चपळतेसाठी हेतुतः अस्थिर घडवलेले आहे. चारपदरी डिजिटल नियंत्रणाविना ते कोणाच्याही हाताला ऐकणार नाही. पण यंत्राचा विलंबही शून्य नसतो. त्याच्या घाईचा आकडा कोणाला तरी ठरवावा लागतो, आणि तो जास्त ठरला तर स्थिरकही विमानाला थरथरवतो. स्थिरकाचे बटण फिरवून ‘गेन’ वाढवणाऱ्या विद्यार्थ्याला ती थरथर दिसते, तेव्हा माळावर आधी स्वतःच्या हाताने विमान हेलकावत नेलेल्याला ती ताबडतोब ओळखू येते. जो थेट स्थिरकापासून सुरुवात करतो, तो मोटर, बॅटरी, तारा असे सगळे तपासत बसतो.

ज्याला सुरुवात करायची असेल, त्याने पावसाळा सरेपर्यंत संगणकावरच्या सिम्युलेटरवर तास घालवावेत. तिथे तुटलेला पंख फुकट जोडला जातो. डिसेंबर उजाडला की हवाई नकाशावर हिरवे क्षेत्र शोधावे, माणसांपासून आणि गुरांपासून दूर उभे राहावे, एखाद्या जाणत्याला सोबत घ्यावे. पहिल्या दिवशी कसरती नकोत. दोन झाडांच्या दिशा धरून त्यांच्यामध्ये एकाच उंचीवर सरळ रेषेत जा-ये करावी, आणि दर फेरीत आपण किती वेळा स्टिक हलवली हे सोबत्याला मोजायला सांगावे. तो आकडा दर रविवारी वहीत लिहावा. तो उतरत गेला आणि रेषा सरळच राहिली, तर हात शिकतो आहे असे खुशाल समजावे.